मूस पाण्यात का उतरतो? आयल रॉयल बेटावरील आहारनिवडीचे एक प्रकरण

उत्तर अमेरिकेतील लेक सुपीरिअर या गोड्या पाण्याच्या विशाल सरोवरात आयल रॉयल नावाचे सुमारे ७२ किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त १४ किलोमीटर रुंद बेट आहे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात मोडणारे हे बेट राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेले असून तेथे मोटारींचे रस्ते नाहीत आणि शिकारीला परवानगी नाही. हरिणकुळातील सर्वांत मोठा प्राणी असलेला मूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या बेटावर पोहोचला. त्या शतकाच्या पाचव्या दशकाच्या अखेरीस गोठलेल्या सरोवरावरून चालत लांडगेही आले. १९५८ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातील डर्वर्ड ॲलन यांनी या दोन प्राण्यांचा अभ्यास सुरू केला आणि तो आजतागायत अखंड चालू आहे. एका जागी बंदिस्त असलेला मोठा तृणभक्षक, त्याचा एकच मोठा शिकारी आणि मोजता येण्याजोगा चारा अशी परिस्थिती निसर्गात क्वचितच सापडते. म्हणूनच प्राणी काय खायचे आणि कुठे खायचे हे कसे ठरवतात, या प्रश्नासाठी हे बेट वारंवार निवडले गेले आहे.

प्रस्तुत प्रकरण या बेटावरील एका साध्या निरीक्षणाचे आहे. उन्हाळ्यात जंगलात बर्च, ॲस्पेन, माउंटन ॲश यांसारख्या झाडांचा कोवळा पाला मुबलक असतो. तरीही मूस दिवसातील बराच वेळ तळी, बीव्हरांनी बांध घालून तयार केलेली डबकी आणि खाड्यांच्या कडा येथे घालवतो, मानेपर्यंत पाण्यात उतरतो, डोके बुडवून तळाशी रुजलेल्या वनस्पती उपटतो आणि वर येऊन चघळतो. या वनस्पतींचा जवळजवळ सगळा भार पाण्याचाच असतो. समोर अधिक सकस अन्न असताना प्राणी पातळ अन्नाकडे का वळतो, हा येथील प्रश्न आहे.

आहारनिवडीच्या सिद्धांताचा पाया १९६६ मध्ये रॉबर्ट मॅकआर्थर व एरिक पियांका यांनी आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे जॉन एम्लेन यांनी घातला. त्यांच्या विचाराचे सार असे, की प्रत्येक खाद्यातून मिळणारी ऊर्जा आणि ते शोधण्यात व हाताळण्यात जाणारा वेळ यांची तुलना करावी. जे खाद्य वेळेच्या मानाने अधिक देते ते भेटेल तेव्हा घ्यावे आणि जे कमी देते ते सोडून द्यावे. मासा टिपणाऱ्या पक्ष्याच्या किंवा किडे वेचणाऱ्या पाखराच्या बाबतीत हा हिशेब बऱ्याच अंशी जुळतो. मूसला तो जसाच्या तसा लावला, तर मात्र उत्तर स्पष्टपणे चुकते. जंगलात पाला भरपूर असेल तर मूसने केवळ पालाच खावा आणि पाणवनस्पतींना तोंडही लावू नये, असे हा हिशेब सांगतो. प्रत्यक्षात मूस दोन्ही खातो, तेही ठराविक प्रमाणात आणि सातत्याने. म्हणजे एक तर मूसची निवड सदोष आहे, किंवा हिशेबात एखादी बाब धरायची राहून गेली आहे. लक्षावधी वर्षे चारा निवडत आलेल्या प्राण्याबद्दल पहिली शक्यता गृहीत धरणे मला घाईचे वाटते.

मिठाचा प्रश्न

राहून गेलेली बाब सोडियमची होती. प्राण्याच्या नसांना, स्नायूंना आणि रक्ताला सोडियम लागतेच; बहुतेक जमिनीवरील वनस्पतींना मात्र त्याची फारशी गरज नसते, आणि अनेक वनस्पती तर ते मुळांतच अडवून वर पानांपर्यंत पोहोचू देत नाहीत. समुद्रकिनाऱ्याजवळ वारा आणि पाऊस मीठ आणून टाकतात, त्यामुळे तेथील चाऱ्यात ही उणीव जाणवत नाही. आयल रॉयल समुद्रापासून खूप दूर, खंडाच्या अंतर्भागात आहे. त्याचा खडक अतिप्राचीन आहे आणि हिमनद्यांनी खरवडलेल्या त्या भूमीवर मातीचा थर पातळ आहे. अशा ठिकाणी पाल्यात सोडियम जवळजवळ नसल्यासारखेच असते. १९७३ मध्ये डॅनियल बॉटकिन, पीटर जॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बेटावरील सोडियमचा सगळा प्रवास मांडला आणि मूसच्या संख्येवर याच एका मूलद्रव्याची मर्यादा असू शकते, अशी शक्यता पुढे आणली. तळ्यातील अनेक वनस्पती पाण्यातून सोडियम ओढून साठवतात. त्यांच्यातील प्रमाण बेटावरच्या पाल्याच्या शंभर पटींहूनही अधिक असू शकते.

मूससारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्याला सोडियमचे आणखी एक काम असते. त्याच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात, म्हणजे रूमेनमध्ये, जिवाणू चारा आंबवतात आणि त्यातून आम्ल तयार होते. ते आम्ल सौम्य ठेवण्यासाठी लाळ सतत लागते, आणि सामान्य परिस्थितीत ती लाळ सोडियमयुक्त असते. त्यामुळे रूमेनमधील द्रव हीच सोडियमची मोठी साठवण ठरते. बाहेरून मिळणारे सोडियम कमी पडले की अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक अधिक स्रवते, लाळेतील सोडियमची जागा पोटॅशियम घेऊ लागते आणि अशा रीतीने वाचलेले सोडियम शरीराच्या इतर गरजांसाठी वापरता येते. हिवाळ्यात तळी गोठतात, तेव्हा हा साठाच उपयोगी पडतो. उन्हाळ्यातील पाण्यातली भटकंती ही म्हणूनच केवळ त्या दिवसाची सोय नसून पुढच्या अनेक महिन्यांची बेगमी असते.

प्राण्याला सोडियमची कमतरता कळते कशी, हा प्रश्न येथे साहजिकच उभा राहतो. मूसवर असे प्रयोग करणे अवघड आहे. मेंढ्यांवर ते झालेले आहेत. ऑस्ट्रेलियातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ डेरेक डेंटन यांनी मेंढीच्या एका लाळग्रंथीचा स्राव बाहेर काढण्याची व्यवस्था केली, म्हणजे तिच्या शरीरातून सोडियम सतत कमी होत राहील. अशा मेंढीसमोर सोडियमयुक्त पाणी ठेवले, तर ती जितके गमावलेले असे साधारण तितकेच भरून काढेल इतके पाणी पीत असे. गणित न येणाऱ्या प्राण्याने हिशेब चोख ठेवावा, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. तहान लागण्यासाठी तरी कुणाला आपल्या रक्ताची संहतता ठाऊक असावी लागते? मिठाची ओढ ही तहानेइतकीच अंगभूत असते, एवढे या प्रयोगांतून पुरेसे स्पष्ट होते.

बेलॉव्स्की यांचे गणित

गॅरी बेलॉव्स्की यांनी १९७८ मध्ये हा प्रश्न मर्यादांच्या भाषेत मांडला. मूसला रोज किती ऊर्जा मिळते एवढेच न पाहता, कोणकोणत्या अटी पाळूनच तो आहार घेऊ शकतो, हे त्यांनी प्रत्येकी एका समीकरणात लिहिले. पहिली अट वेळेची: उन्हाळ्यातील उष्णतेमुळे मूस दिवसभर चरू शकत नाही. थंड प्रदेशासाठी घडलेल्या या प्राण्याला साधारण १४ अंश सेल्सिअसच्या पुढेच उष्णतेचा त्रास सुरू होतो, आणि मग सावलीत किंवा पाण्यात स्वस्थ उभे राहणे त्याला भाग पडते. दुसरी अट रूमेनच्या आकारमानाची: त्यातून दिवसाला साधारण ३३ किलो ओला चारा पुढे सरकू शकतो, त्याहून अधिक नाही. तिसरी अट सोडियमची: दिवसाला सुमारे २.५७ ग्रॅम सोडियम मिळालेच पाहिजे. या अटींच्या चौकटीत ऊर्जा जास्तीत जास्त कशी मिळवता येईल, हे शोधण्यासाठी त्यांनी लिनिअर प्रोग्रॅमिंग ही पद्धत वापरली. कारखान्यांच्या आणि लष्करी पुरवठ्याच्या नियोजनासाठी विकसित झालेली ही पद्धत तळ्यात उभ्या असलेल्या प्राण्याला लावली जाईल, असे तिच्या कर्त्यांच्या मनात बहुधा आले नसावे.

हे गणित ढोबळ आकड्यांत कुणालाही करून पाहता येते. पाणवनस्पतीच्या एका ग्रॅम सुक्या वजनात सोडियम सुमारे ०.००३ ग्रॅम असते, आणि पाल्यातील सोडियम शून्य धरले तरी चालते. म्हणजे २.५७ ग्रॅम सोडियमसाठी साधारण ८६० ग्रॅम सुक्या वजनाच्या पाणवनस्पती लागतात. वजन तसे किरकोळ वाटते. मात्र पाणवनस्पतीचे ओले वजन तिच्या सुक्या वजनाच्या सुमारे वीस पट असते, तर पाल्याचे सुमारे चार पट. त्यामुळे ते ८६० ग्रॅम रूमेनमध्ये १७ किलोंहून अधिक जागा व्यापतात, म्हणजे दिवसभराच्या एकूण क्षमतेच्या अर्ध्याहून थोडी जास्त. उरलेल्या १६ किलोंच्या आसपासच्या जागेत सुक्या वजनाचा सुमारे चार किलो पाला मावतो. मिठासाठी पाण्यात उतरलेच नाही, तर तेथे आठ किलोंहून अधिक पाला मावला असता.

या प्रकरणाचा गाभा याच दोन आकड्यांत आहे. सुक्या वजनाच्या मानाने पाहिल्यास पाणवनस्पती पाल्याहून फार निकृष्ट नसते. तिची खरी किंमत तिच्यातील पाण्यात आहे, कारण रूमेनची जागा हीच मूसची दुर्मीळ संपत्ती आहे आणि पाणी ती जागा अडवते. सुमारे अडीच ग्रॅम सोडियमसाठी मूस चार किलोंहून अधिक सुक्या पाल्याची जागा सोडून देतो. म्हणूनच तो पाणवनस्पती गरजेपुरत्याच खातो. त्याहून जास्त खाल्ल्या तर ऊर्जा कमी पडेल, आणि कमी खाल्ल्या तर मीठ. दोन्ही मर्यादा जेथे एकमेकींना छेदतात, त्या बिंदूवर आहाराचे प्रमाण ठरते: वरच्या ढोबळ हिशेबाने सुक्या वजनाचा सुमारे १८ टक्के भाग पाणवनस्पतींचा. बेलॉव्स्की यांना प्रत्यक्ष निरीक्षणात आढळलेले प्रमाण या भाकिताच्या अगदी जवळचे होते. चरण्याचा वेळ कमीत कमी ठेवण्याचे उद्दिष्ट धरून केलेले दुसरे भाकीत मात्र जुळले नाही. मूस लवकर पोट भरून लांडग्यांपासून लपण्यापेक्षा हिवाळ्यापूर्वी चरबी साठवण्यासाठी चरतो, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला.

जुळणीवर किती विश्वास ठेवावा

भाकीत आणि निरीक्षण इतके जवळ आले, की या अभ्यासाला पाठ्यपुस्तकांत जागा मिळाली. आणि नेमक्या त्याच जवळिकीवर पुढे शंका घेतली गेली. आफ्रिकेतील कुडूसारख्या तृणभक्षकांचा अभ्यास करणारे नॉर्मन ओवेन-स्मिथ यांनी १९९० च्या दशकात असा आक्षेप घेतला, की अशा मांडणीत एक वर्तुळ लपलेले असते. रूमेनची दैनंदिन क्षमता, चरण्याचा वेळ, ओरबाडण्याचा वेग हे आकडे ज्या प्राण्यांवरून काढले, त्याच प्राण्यांच्या आहाराचे भाकीत त्यांतून केले, तर दोन्ही जुळणारच. कारण प्राणी प्रत्यक्षात जितके खातो तीच त्याची 'मर्यादा' म्हणून आधी आत घातलेली असते. माझ्या मते हा आक्षेप रास्त आहे, आणि १८ टक्के या आकड्याच्या अचूकतेवर त्याने पाणी पडते. मात्र सोडियमच्या अटीला तो तितका लागू होत नाही. मूसला किती सोडियम लागते आणि पाणवनस्पतीत ते किती असते, हे आकडे आहाराच्या निरीक्षणापासून वेगळे, शरीरक्रिया आणि रासायनिक विश्लेषण यांच्या आधारे काढता येतात. त्यामुळे 'मूसला एवढे तरी पाण्यात उतरावेच लागेल' हा निष्कर्षाचा भाग टिकतो; 'याहून एक टक्काही जास्त नाही' हा भाग डळमळतो.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. पाणवनस्पती पचायला हलक्या असतात, त्यांत प्रथिने बरी असतात, त्या दाट वाढतात म्हणून घास मोठा मिळतो, आणि पाण्यात अंगाची काहिली कमी होते व माश्यांचाही उपद्रव टळतो. एवढी कारणे असताना सोडियमलाच श्रेय का द्यावे? १९९३ मध्ये अलास्कातील कॉपर नदीच्या त्रिभुज प्रदेशातील मूसांबाबत नेमका हाच प्रश्न विचारला गेला, की पाण्यात उतरणे ही मिठाची भूक आहे की चरण्याची सोय. समुद्राला लागून असलेल्या त्या प्रदेशात सोडियमचे स्पष्टीकरण पुरेसे ठरले नाही. चरण्याची कार्यक्षमता हे अधिक पटणारे कारण निघाले. हा निकाल आयल रॉयलच्या निकालाला खोडतो, असे काही जण समजतात. मला तो पूरक वाटतो. जेथे मीठ जमिनीवरच उपलब्ध आहे, तेथे त्यासाठी पाण्यात जाण्याची गरज नाही, म्हणून तेथे दुसरी कारणे पुढे येतात. जेथे ते जमिनीवर नाही, तेथे मिठाची अट निर्णायक ठरते. एकाच कृतीमागे दोन ठिकाणी दोन कारणे असू शकतात. एका ठिकाणचा आहार दुसऱ्या ठिकाणच्या हिशेबाने समजावून सांगण्याचा मोह मात्र टाळायला हवा.

सोडियमच्या बाजूने आणखी पुरावेही आहेत. आयल रॉयलवर आणि मुख्य भूमीवर क्षारयुक्त मातीच्या काही जागा आहेत, तेथे मूस वसंत ऋतूत व उन्हाळ्याच्या सुरुवातीला येऊन माती चाटतात आणि चिखलाचे पाणी पितात. कॅनडात हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकले जाते, ते वाहून कडेच्या खड्ड्यांत साचते, आणि ते पाणी पिण्यासाठी मूस रस्त्यालगत येतात. मोटारींशी होणाऱ्या धडकांचे ते एक परिचित कारण आहे. त्या पाण्यात ना पाला असतो, ना प्रथिने. ओढ मिठाची आहे, हे तेथे निर्विवाद दिसते.

कुठे चरावे: लांडगे आणि मादी

इथपर्यंतच्या हिशेबात लांडगा कुठेच नाही, आणि मला ही त्यातील सर्वांत मोठी उणीव वाटते. जोन एडवर्ड्स यांनी १९८३ मध्ये याच बेटावर दाखवले, की पिल्ले सोबत असलेल्या माद्या किनाऱ्यालगतच्या छोट्या बेटांवर राहणे पसंत करतात. लांडगे तेथे क्वचित येतात. चारा मात्र मुख्य बेटाच्या तुलनेत निकृष्ट असतो. पिल्ले नसलेले मूस मुख्य बेटावर अधिक चांगले खातात. म्हणजे त्याच उन्हाळ्यात, त्याच जातीचे, जवळजवळ त्याच शरीराचे दोन प्राणी दोन वेगळे आहार घेतात आणि दोघांचाही निर्णय त्यांच्या परिस्थितीत योग्य असतो. दूध पाजणाऱ्या मादीला सर्वाधिक ऊर्जा आणि सर्वाधिक सोडियम लागते, तरीही तीच कमी प्रतीच्या चाऱ्याकडे जाते, यावरून पिल्लाच्या जीविताची किंमत तिच्या आचरणात किती मोठी आहे हे मोजता येते. तिने सोडून दिलेला चारा हे त्या किमतीचे माप आहे.

येथे बेलॉव्स्की यांच्या मांडणीत एका अटीची भर घालता येईल, असे वरवर वाटते. पण धोका हा रूमेनच्या आकारासारखा ठरलेला आकडा नाही. तो जागेनुसार, वेळेनुसार आणि प्राणी कोण आहे त्यानुसार बदलतो. शिवाय लांडगाही मूस कुठे आहेत हे पाहून आपली जागा बदलतो. उथळ पाण्यात उभा असलेला पूर्ण वाढलेला मूस लांडग्यांना सहज हाती लागत नाही, पण त्याच तळ्याकाठी दोन आठवड्यांचे पिल्लू सोबत असेल, तर काठावरची दाट झाडी हीच अडचण होते. एकाच तळ्याला दोन मूसांसाठी दोन किमती असतात.

हिवाळ्यात सगळी मांडणीच बदलते. पाला नसतो, तळी बंद असतात, आणि उरतात त्या झाडांच्या काड्या व बाल्सम फर, सीडर यांसारखी सूचिपर्णी झाडे. फरच्या पानांत टर्पिन गटातील रसायने असतात आणि ती निष्प्रभ करण्याचा भार यकृतावर पडतो; त्यामुळे एकाच झाडावर अवलंबून राहण्यापेक्षा निरनिराळी झाडे मिसळून खाणे प्राण्याला हितावह ठरते. मूस या काळात मुळातच कमी खातो आणि साठवलेल्या चरबीवर दिवस काढतो. ऊर्जा जास्तीत जास्त मिळवण्याचे उद्दिष्ट येथे अर्थहीन होते. नुकसान कमीत कमी ठेवणे एवढेच शक्य असते.

मूसला खरोखर काय आवडते, हे कधी कधी त्याच्या ताटाऐवजी त्याच्या गैरहजेरीतून कळते. कॅनडा यू हे सदाहरित झुडूप मुख्य बेटावर मूसांनी खाऊन खाऊन जवळजवळ संपवले आहे, तर मूस नसलेल्या पॅसेज आयलंडवर ते अजूनही दाट वाढते. आज मुख्य बेटावरील मूसच्या आहारात यूचे प्रमाण नगण्य दिसेल, आणि केवळ आजचा आहार पाहणाऱ्याला ते नावडते खाद्य वाटेल. उपलब्धता न मोजता आवड मोजली, तर अशी फसगत होते.

पाण्यात चरण्याचे परिणाम बेटाच्या जंगलापर्यंत पोहोचतात. तळ्यात खाल्लेले नायट्रोजन मूस शेण आणि मूत्र यांच्या रूपाने जमिनीवर आणून टाकतात, आणि लांडग्यांनी मारलेल्या मूसांच्या सांगाड्यांभोवतीची माती काही वर्षे अधिक सुपीक राहते, असे जोसेफ बम्प आणि रॉल्फ पीटरसन यांच्यासारख्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले.

बेटावरील लांडगे अंतःप्रजननामुळे २०१६ पर्यंत केवळ दोनवर आले होते, आणि शिकारी नसल्याने २०१९ मध्ये मूसांची संख्या दोन हजारांच्या पुढे गेली. २०१८ आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने बाहेरून १९ लांडगे आणून सोडले, आणि पुढील चार वर्षांत मूसांची संख्या निम्म्याहून खाली आली. त्याच काळात फरच्या झाडांवर किडीचा प्रादुर्भाव असल्याने या घटीचे सगळे श्रेय लांडग्यांना देता येत नाही. आहाराच्या अभ्यासकाला मात्र यातून एक दुर्मीळ संधी मिळते: तळी तीच, त्यांतील सोडियम तेच, मूसचे रूमेनही तेवढेच, आणि बदलला आहे तो तळ्याकाठी उभे राहण्याचा धोका. मीठ खरोखरच निर्णायक असेल, तर लांडगे वाढूनही पिल्ले नसलेल्या मूसांच्या आहारातील पाणवनस्पतींचा वाटा फारसा घटू नये, आणि पिल्ले असलेल्या माद्यांनी तो वाटा छोट्या बेटांजवळच्या सुरक्षित, पण विरळ वनस्पतींच्या पाण्यातून भरून काढण्याचा प्रयत्न करावा. सोय निर्णायक असेल, तर दोन्ही गटांत तो घटेल.